टॅलडेगा १९६९ : एक शर्यत, एक बहिष्कार आणि चालकांच्या संघटनेचा प्रश्न

प्रस्तावना

क्रीडेच्या इतिहासाकडे विक्रमांची जंत्री म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. व्यावसायिक क्रीडा हे श्रमाचेही क्षेत्र आहे, तेथे मालक असतात, कसबी कामगार असतात आणि जोखमीची वाटणी कशी व्हावी यावरून संघर्षही होतात, ही बाजू त्यामुळे सहसा अभ्यासाच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टॅलडेगा येथे १४ सप्टेंबर १९६९ रोजी झालेल्या 'टॅलडेगा ५००' या मोटार शर्यतीचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने केला आहे. ही शर्यत कोणी जिंकली यापेक्षा ती कोणी धावली नाही, यासाठी ती अधिक स्मरणात आहे.

पूर्वपीठिका

बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या बांधणीवर आधारलेल्या गाड्यांची शर्यत म्हणजे 'स्टॉक कार' शर्यत. अमेरिकेच्या दक्षिणेतील या विस्कळीत खेळाला बिल फ्रान्स यांनी शिस्त लावली. डिसेंबर १९४७ मधील डेटोना बीच येथील बैठकीतून 'नॅसकार' ही संस्था उभी राहिली. नियम करणारी, परवाने देणारी आणि दंड ठोठावणारी ही संस्था फ्रान्स यांच्या हाती होती. डेटोना व पुढे टॅलडेगा येथील धावमार्गही त्यांच्याच कंपनीचे होते. नियामक आणि मालक एकच असण्याची ही व्यवस्था लक्षात घेतल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागत नाही.

चालकांच्या बाजूने पहिला प्रयत्न १९६१ मध्ये झाला. शार्लट येथील धावमार्गाच्या उभारणीत कर्जबाजारी झालेल्या कर्टिस टर्नर या नामवंत चालकाने टीमस्टर्स या बलाढ्य कामगार संघटनेकडून कर्ज मिळविण्याच्या आशेने चालकांची संघटना बांधण्यास घेतली. टर्नर आणि त्याचा सहकारी टिम फ्लॉक यांच्यावर फ्रान्स यांनी आजन्म बंदी घातली. ती १९६५ मध्ये उठविण्यात आली. परंतु मधल्या काळात इतरांनी घ्यायचा तो धडा घेतला होता.

ऑगस्ट १९६९ मध्ये मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे 'प्रोफेशनल ड्रायव्हर्स असोसिएशन' स्थापन झाली आणि रिचर्ड पेटी अध्यक्ष झाला. १९६७ च्या एकाच हंगामात २७ शर्यती जिंकणाऱ्या या माणसाला हुल्लडबाज ठरविणे कोणालाही शक्य नव्हते. विमा, निवृत्तिवेतन, बक्षिसाच्या रकमेतील वाटा आणि धावमार्गावरील सुरक्षितता हे संघटनेचे विषय होते. स्थापनेनंतर जेमतेम महिनाभरात यांपैकी शेवटचा विषय ऐरणीवर आला.

टायरचा प्रश्न

जुन्या विमानतळाच्या जागेवर, गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्या पाठबळाने उभारलेला टॅलडेगाचा धावमार्ग २.६६ मैलांचा (सुमारे ४.३ किलोमीटर) असून त्याच्या वळणांना ३३ अंशांचा उतार आहे. एवढ्या उतारावर वेगाने वळणारी गाडी रस्त्यावर अधिकच दाबली जाते. तो सारा भार टायरवर येतो आणि टायर तापतो. सरावात गाड्या ताशी २०० मैलांच्या (सुमारे ३२२ किलोमीटर) जवळ पोहोचल्या. चार्ली ग्लॉट्झबाख याने ताशी १९९.४६६ मैल गाठले. मात्र काही फेऱ्यांतच टायरचे पृष्ठभाग फाटू लागले. फायरस्टोन कंपनीने अंग काढून घेतले. गुडइयरच्या नव्या टायरांनीही चालकांचे समाधान झाले नाही. शर्यत पुढे ढकलावी, एवढीच चालकांची मागणी होती.

फ्रान्स यांनी ती नाकारली. वयाच्या साठीला टेकलेल्या या गृहस्थांनी स्वतः गाडी काढून ताशी सुमारे १७६ मैल वेगाने फेरी मारली आणि आपण आता चालक आहोत म्हणून संघटनेच्या सदस्यत्वासाठी अर्जही केला! या चातुर्याला दाद द्यावीच लागेल. परंतु १७६ आणि १९९ यांतील अंतरातच वादाचा मुद्दा होता, ही गोष्ट या नाट्यात झाकली गेली. १३ सप्टेंबरला पेटीच्या नेतृत्वाखाली तीसहून अधिक चालक आपल्या गाड्या घेऊन निघून गेले.

याला संप म्हणावे काय? काटेकोर अर्थाने नाही. चालक हे नॅसकारचे नोकर नव्हते. कायद्याच्या दृष्टीने ते स्वतंत्र व्यावसायिक होते. म्हणूनच सामूहिक वाटाघाटीचा हक्क त्यांना नव्हता आणि निघून जाणे हेच एकमेव हत्यार त्यांच्याकडे उरले होते.

शर्यत

आदल्या दिवशीच्या दुय्यम शर्यतीतील लहान गाड्या सामील करून घेऊन फ्रान्स यांनी ३६ गाड्यांचा ताफा उभा केला. या तिकिटावर पुढील एखादी शर्यत पाहता येईल, असे प्रेक्षकांना आश्वासन दिले. आघाडीच्या चालकांपैकी संघटनेबाहेरचा बॉबी आयझॅक तेवढा थांबला. ग्लॉट्झबाखने सोडलेली, उंच पंखाची डॉज डेटोना गाडी रिचर्ड ब्रिकहाउस या नवख्याच्या हाती आली. तो संघटनेचा सदस्य होता. सदस्यत्व सोडून तो गाडीत बसला आणि जिंकला. मोठ्या मालिकेतील त्याचा हा एकमेव विजय. त्याला संपफोड्या म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्याच्या वाट्याला अशी गाडी पुन्हा येण्याची शक्यता नव्हती, त्याचा निर्णय पेटीच्या मापाने मोजणे मात्र न्याय्य ठरणार नाही. दुसरा आलेला जिम व्हॅन्डिव्हर तर फेऱ्यांच्या मोजणीत चूक झाली, खरा विजेता आपणच, असे पुढे सांगत राहिला.

शर्यत मोठ्या अपघाताविना पार पडली. चालकांची भीती अनाठायी होती याचा हा पुरावा, असे तेव्हा मानले गेले आणि अनेक लेखनांत ते आजही तसेच येते. आकडे वेगळे सांगतात. विजेत्याचा सरासरी वेग ताशी १५३.७७८ मैल होता. मधूनमधून पिवळे निशाण दाखवून गाड्यांचा वेग उतरविण्यात आला आणि टायर बदलण्यास सवड देण्यात आली; निम्म्याहून अधिक गाड्या तर मुळातच हळू धावणाऱ्या होत्या. म्हणजे ज्या वेगाला चालकांचा आक्षेप होता, त्या वेगाने ती शर्यत धावलीच गेली नाही.

नंतरचा काळ

टायर लवकरच सुधारले. मार्च १९७० मध्ये बडी बेकरने याच मार्गावर ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली. १९८७ मध्ये बिल एलियटने पात्रता फेरीत २१२.८०९ मैलांचा विक्रम केला. त्याच वेळच्या शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांसमोरील कुंपणावर आदळली, तेव्हा १९८८ पासून इंजिनाला मिळणारी हवा रोखणाऱ्या पट्ट्या नॅसकारनेच सक्तीच्या केल्या.

बहिष्कार टाकणारे चालक पुढच्या शर्यतींना परतले आणि या वेळी फ्रान्स यांनी कोणावर बंदी घातली नाही. त्यांनी प्रवेशपत्रिकेत एक कलम घातले : नाव नोंदविलेल्याने शर्यतीत उतरलेच पाहिजे. संघटना काही वर्षांतच निष्प्रभ झाली. त्यानंतर २०२२ मध्ये चालकांचे एक सल्लागार मंडळ स्थापन झाले. सुरक्षिततेसंबंधी ते नॅसकारशी चर्चा करते. सामूहिक कराराचा अधिकार त्यालाही नाही.