१६ ऑगस्ट आणि १९ ऑगस्ट : चिमूरच्या दोन तारखा

फ्रान्सिस्को लोम्बार्दी या पेरूच्या दिग्दर्शकाचा १९८८ सालचा ‘ला बोका देल लोबो’ (लांडग्याचा जबडा) हा स्पॅनिश चित्रपट एका खऱ्या हत्याकांडावर उभा आहे. १३ नोव्हेंबर १९८३ रोजी आयाकुचो प्रांतातील सोक्कोस या गावी सोयरिकीचा समारंभ चालू असताना पोलिसांच्या विशेष तुकडीने गावकऱ्यांना पकडले, घळीत नेले आणि त्यांतील ३२ जणांना गोळ्या घातल्या. पुढे दोष बंडखोरांवर ढकलण्यात आला. चित्रपटात गावाचे नाव बदलून चुस्पी केले आहे.

या चित्रपटाचे खरे मर्म मात्र आम्हांस हत्याकांडाच्या प्रसंगात दिसत नाही. त्याच्या पुष्कळ आधी एक शिपाई गावातील मुलीवर बलात्कार करतो. त्याचा मित्र लूना हे जाणून असतो. मुलगी तक्रार घेऊन येते, अधिकारी लूनाला विचारतो, आणि लूना आपण काही पाहिले नाही असे सांगतो. त्या एका खोट्या साक्षीपासून घळीपर्यंतची वाट अगदी सरळ आहे, असे लोम्बार्दीला म्हणावयाचे आहे. मुलीला मात्र चित्रपट फार वेळ देत नाही. कॅमेरा लूनाच्या विवेकाकडे वळतो तो वळतोच. ही या कलाकृतीची ताकद आहे आणि मर्यादाही.

चुस्पी पाहताना आमचे मन चिमूरकडे वळले. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्यापूर्वी वैनगंगेकाठचे मार्कंडा आणि पश्चिमेकडचे चिमूर ही दोन्ही गावे एकाच चांदा जिल्ह्यात होती. मार्कंड्याच्या देवळांची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या मध्यप्रांताच्या दौऱ्यात केली. मूर्ती, ओळी, मापे, सारे काही सरकारी अहवालात छापले गेले. पुराणवस्तूंच्या बाबतीत असे काटेकोर असलेल्या त्याच राजवटीने सत्तर वर्षांनी त्याच जिल्ह्यातील जिवंत माणसांची चौकशी करण्याचे साफ नाकारले. तुलना थोडी कठोर आहे, पण ती टाळण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

ऑगस्ट १९४२ मधला घटनाक्रम सर्वपरिचित आहे, निदान त्याचा अर्धा भाग तरी. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या त्या वर्षीच्या चातुर्मासाने गाव आधीच जागे झालेले होते. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मरण पावला. चवताळलेल्या जमावाच्या हातून उपविभागीय अधिकारी डुंगाजी व नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह चौघे मारले गेले. वर्धा जिल्ह्यातील आष्टीलाही त्याच दिवशी असाच उठाव झाला.

पुढचा अर्धा भाग १९ ऑगस्टला सुरू होतो. त्या दिवशी लष्कर चिमुरात आले. पुरुषांची धरपकड झाली, घरे लुटली गेली, आणि पुरुष नसलेल्या घरांत शिरून सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले. डॉ. बा. शि. मुंजे गावात जाऊन आले. रमाबाई तांबे यांच्यासह नागपूरच्या काही स्त्रियांनी पीडित बायकांशी बोलून त्यांची निवेदने ऐकली. सरकारचे उत्तर ठरलेले होते : आरोप निराधार आहेत, चौकशीची गरज नाही. युद्ध चालू होते, आणि सैन्याच्या नावाला बट्टा लागणे परवडणारे नव्हते.

सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी चौकशीसाठी जो हट्ट धरला, त्याला तोड नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील सदस्य बापूजी अणे हे वऱ्हाडचे. त्यांनी स्वतः चिमूरला यावे, म्हणून भन्साळी नोव्हेंबरच्या आरंभी दिल्लीत त्यांच्या घरी उपोषणास बसले. त्यांना तेथून हलवण्यात आले. पुन्हा उपोषण सुरू झाले ते १२ जानेवारी १९४३ ला, ६३ दिवसांनी संपले. दरम्यान चिमूर आणि भन्साळी या दोन्ही विषयांवरील बातम्यांना बंदी होती, आणि तिच्या निषेधार्थ ६ जानेवारीला देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंक काढला नाही. छापता येत नसेल तर न छापण्यानेच बोलावे, अशी ही युक्ती. साहित्याच्या अभ्यासकाने कोऱ्या पानाचाही पाठ म्हणून विचार करावयास हरकत नाही.

तडजोड झाली. बातम्यांवरील बंदी उठली आणि चिमूरच्या स्त्रियांच्या शीलावर शिंतोडे उडवण्याचा हेतू नव्हता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. चौकशी झाली नाहीच. येथे शब्दांकडे नीट पाहावे. गुन्ह्याचा प्रश्न अब्रूचा प्रश्न होऊन बसला, आणि अब्रू परत दिली म्हणताच गुन्हेगार मोकळे झाले. ‘अब्रू’ हा शब्द केवळ सरकारचा नव्हता. आमच्याच पुढाऱ्यांनी, आमच्याच वृत्तपत्रांनी तो सद्‌भावनेने वापरला होता, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नाही.

१६ ऑगस्टच्या घटनेचे खटले मात्र चालले. साक्षी झाल्या, जबाब लिहिले गेले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. अनसूयाबाई काळे यांनी कैद्यांचे प्राण वाचवण्यासाठी जिवाचे रान केले, आणि १९४५ साली उरलेल्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांची फाशी रद्द होऊन त्यांना जन्मठेप मिळाली. अशा रीतीने एका तारखेचा सविस्तर दस्तऐवज तयार झाला आणि तीनच दिवसांनंतरच्या तारखेचा नाही. इतिहासकार कागदांच्या मागे जातो, म्हणून चिमूर म्हणजे १६ ऑगस्ट, असे समीकरण रूढ झाले. स्मारकेही त्याच दिवसाची.

सोक्कोसच्या बाबतीत १९८६ साली काही पोलिसांना न्यायालयाने शिक्षा ठोठावली, आणि २००३ साली पेरूच्या सत्य व सलोखा आयोगाने आपला अहवाल दिला. मेलेल्यांतील आणि नाहीशा झालेल्यांतील बहुतेक माणसांची मातृभाषा स्पॅनिश नसून केचुआ वा तत्सम देशी भाषा होती, हे त्यात नोंदलेले आहे. साक्ष कोणत्या भाषेत दिली आणि कोणत्या भाषेत लिहून घेतली, हा प्रश्न म्हणून तेथील लेखकांना टाळता येत नाही. चिमूरच्या बायका झाडीच्या बोलीत बोलल्या असणार. त्यांचे म्हणणे नागपूरच्या सुशिक्षित स्त्रियांच्या प्रमाण मराठीतून पुढे गेले, मग इंग्रजी अर्जांत, आणि शेवटी सरकारी खुलाशात त्याचे ‘आरोप’ झाले. या प्रत्येक पायरीवर काय गळले, हे शोधण्याचे काम कादंबरीकाराचे जितके, तितकेच बोलीभाषांच्या अभ्यासकाचेही आहे. विदर्भातील महाविद्यालयांत झाडीबोलीवर प्रबंध होतात, शब्दसंग्रह होतात. १९४२ च्या श्रावणात त्या बोलीत जे सांगितले गेले, ते ज्यांनी आजी-पणजीकडून ऐकले अशी माणसे चिमूर परिसरात अजून सापडू शकतात, मात्र विचारणाऱ्याने नावे छापण्याची घाई करू नये.