आठ दिवसांची परदेशी सेवा : हिशोब कोणी मांडायचा?

२० एप्रिल १९६८. अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यार्थ्यांची एक परिषद भरली होती. ही मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत जाऊन गरिबांची सेवा करणार होती. भाषणासाठी इव्हान इलिच आले होते. इलिच स्वतः कॅथलिक धर्मगुरू. जन्म व्हिएन्नाचा, न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोहून आलेल्या गरीब लोकांच्या वस्तीत काम केलेलं आणि १९६१ पासून मेक्सिकोतील कुएर्नावाका शहरात मुक्काम. लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या धर्मसेवकांना भाषा आणि तिथलं जगणं शिकवणारं केंद्र ते चालवत.

त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता : मेक्सिकोला जरूर या. डोंगर बघा, फुलं बघा, भाषा शिका. पण कृपा करून मदत करायला येऊ नका. तुम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यामुळे तुम्ही काय बिघडवून ठेवलंत हेही तुम्हाला कळणार नाही. सेवाच करायची असेल तर आपल्या शहरातल्या गरिबांत करा. तिथे निदान समोरचा माणूस तुम्हाला तोंडावर ‘चालते व्हा’ म्हणू शकेल.

या भाषणाला अर्धशतक उलटून गेलं. आज ते जगभर समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना वाचायला देतात. पण ज्या प्रवासांबद्दल इलिच बोलले, ते थांबले नाहीत. उलट कित्येक पटींनी वाढले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या अंदाजाप्रमाणे या शतकाच्या पहिल्या दशकात दरवर्षी सुमारे १६ लाख अमेरिकी चर्च-सदस्य अशा छोट्या मिशन दौऱ्यांवर परदेशी जात होते. बहुतेकांचा मुक्काम आठवडा-दोन आठवड्यांचा. एखादी भिंत बांधायची, शाळेला रंग द्यायचा, अनाथालयात मुलांशी खेळायचं, प्रार्थना करायची आणि परतायचं.

हा प्रकार आला कुठून? त्यासाठी आधी जुनं मिशन कसं होतं ते बघावं लागेल, आणि त्याची एक वाट थेट आपल्या दारातून जाते.

जे परत गेले नाहीत

१८१० मध्ये अमेरिकेत पहिली मोठी परदेशी मिशन संस्था स्थापन झाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१२ मध्ये जहाजात बसले. कलकत्त्यात कंपनी सरकारने थारा दिला नाही, म्हणून फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईत पोहोचले. अमेरिकन मराठी मिशनची ही सुरुवात. त्यांच्याच तुकडीतली हॅरिएट न्यूएल ही तरुणी तर काम सुरू होण्याआधी, १८१२ मध्येच मॉरिशसला वारली. वय अवघं १९. नॉट तब्येतीमुळे माघारी गेले. हॉल राहिले, मराठी शिकले, मराठीत लिहू लागले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेले. निघतानाच सगळ्यांना ठाऊक होतं की परतीची खात्री नाही.

सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या. अविवाहित, एकट्या. आधी मुंबईत आणि मग अहमदनगरमध्ये त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ मध्ये अहमदनगरलाच त्यांचा मृत्यू झाला. या शाळा पाहूनच जोतिबांच्या मनात मुलींसाठी शाळा काढायचा विचार पक्का झाला. त्याच शहरातून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं.

यांचा उदोउदो करण्याचा हेतू नाही. ते धर्मांतरासाठी आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. इंग्रजी सत्तेच्या सावलीत ते राहिले, इथल्या धर्मांबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंच आज वाचवत नाही. हिंदूंनी आणि मुसलमानांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातले. पण वाद घालता आला, हीच गोष्ट लक्षात घ्यायची. समोरचा माणूस मराठी बोलत होता आणि उद्या, परवा, दहा वर्षांनीही इथेच भेटणार होता. त्याची चूक त्याला सांगता येत होती. चुकीची किंमत काही प्रमाणात त्यालाही मोजावी लागत होती.

विमान आलं, मुक्काम आटला

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. विमानप्रवास आवाक्यात आला, अमेरिकी मध्यमवर्गाच्या हातात पैसा आणि सुट्टी आली. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजचा विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन धर्मपुस्तिका वाटायला मेक्सिकोत गेला. त्या सुट्टीतल्या फेरीतून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ काढली. आयुष्य वाहून टाकायची गरज नाही, तरुणांनी काही आठवडे किंवा काही महिने दिले तरी चालेल, ही कल्पना तिथून रुजली. १९६१ मध्ये केनेडींनी ‘पीस कोअर’ सुरू केलं. त्याच वर्षी व्हॅटिकनमधून उत्तर अमेरिकेतल्या कॅथलिक संघांना आवाहन झालं की आपल्यातले दहा टक्के धर्मसेवक लॅटिन अमेरिकेला द्या. इलिच यांचा विरोध याच लाटेला होता.

सुरुवातीला ‘थोड्या काळासाठी’ म्हणजे एक-दोन वर्षं किंवा उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी. पुढे नोकरीतल्या रजेत बसावा म्हणून दौरा आठ-दहा दिवसांवर आला. इतक्या दिवसांत भाषा शिकता येत नाही. मग जे काम भाषेशिवाय होतं तेवढंच उरतं : विटा उचलणं, रंग लावणं, मुलांना कडेवर घेणं. गावाला कशाची गरज आहे यापेक्षा पाहुण्यांना काय जमेल, यावर काम ठरू लागलं.

होंडुरासमधली घरं

ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस ‘मिच’ चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतला होंडुरास देश उद्ध्वस्त केला. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं वाहून गेली. उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरं बांधायला धावले. कर्ट व्हेर बीक हे समाजशास्त्राचे प्राध्यापक तेव्हा होंडुरासमध्येच राहत होते. ते एका ख्रिस्ती कॉलेजचे आणि स्वतः श्रद्धावान. काही वर्षांनी त्यांनी पडताळणी केली. ज्यांना परदेशी गटांनी घरं बांधून दिली ती कुटुंबं, ज्यांना स्थानिक संस्थेने बांधून दिली ती कुटुंबं आणि बांधायला आलेले पाहुणे, अशा सगळ्यांना प्रश्न विचारले.

जे हाती आलं ते अस्वस्थ करणारं होतं. विमानभाडं आणि बाकी खर्च धरून परदेशी गटाला एक घर सरासरी ३०,००० डॉलरला पडलं होतं. स्थानिक ख्रिस्ती संस्था तसंच घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होती. म्हणजे एका घराच्या खर्चात पंधरा घरं उभी राहिली असती आणि तिथल्या गवंड्यांना मजुरीही मिळाली असती. घर कोणी बांधलं याने कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. पाहुणे आले याचा त्यांना आनंद होता, पण त्या पैशांत आणखी घरं झाली असती असंही त्यांनी सांगितलं.

दौऱ्याच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद होतो : घर महाग पडलं तरी जाणाऱ्याचं आयुष्य बदलतं, पुढे तो जास्त दान देतो. व्हेर बीक यांनी तेही तपासलं. आपण आता जास्त देतो असं अनेकांनी सांगितलं होतं. संस्थेच्या जमाखर्चाने त्याला दुजोरा दिला नाही.

हैतीची सरहद्द

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. त्या महिन्याच्या २९ तारखेला दहा अमेरिकी बाप्टिस्ट स्वयंसेवकांना डोमिनिकन रिपब्लिकच्या सरहद्दीवर अडवलं गेलं. त्यांच्या बसमध्ये ३३ मुलं होती. मुलांना देशाबाहेर नेण्याची कागदपत्रं नव्हती. या अनाथांना आपण आसरा द्यायला नेत आहोत, असं स्वयंसेवकांचं म्हणणं होतं. चौकशीत कळलं की मुलं अनाथ नव्हतीच. शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल या आशेने आईबापांनीच ती सोपवली होती. आठ जणांना फेब्रुवारीत सोडलं, गटाच्या प्रमुख महिलेची सुटका मे महिन्यात झाली.

ही माणसं मुलं पळवणारी टोळी होती असं मला वाटत नाही. त्यांना मनापासून मदत करायची होती. भीती वाटते ती नेमकी याचीच. आपण भल्यासाठीच आलो आहोत ही खात्री इतकी घट्ट होती, की ‘या मुलाची आई कुठे आहे?’ हा साधा प्रश्न नीट विचारला गेला नाही.

टीका घरातूनच आली

आतापर्यंत सांगितलेले टीकाकार कोण आहेत ते पाहा. इलिच धर्मगुरू. व्हेर बीक श्रद्धावान ख्रिस्ती. २००९ मध्ये ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ हे पुस्तक लिहून मदतीने होणारी इजा मांडणारे स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट हेही चर्चमधलेच. २००३ मध्ये अमेरिकेतल्या अशा दौरे नेणाऱ्या संस्थांनी स्वतःसाठी सात निकषांची आचारसंहिता तयार केली. यजमानांशी बरोबरीची भागीदारी, जाण्याआधीचं प्रशिक्षण आणि परतल्यावरचा पाठपुरावा हे त्यातले काही निकष. ती सगळे पाळतात असं नाही. पण आपल्याच लोकांच्या पुण्यकर्माचा हिशोब तपासायची हिंमत त्यांनी दाखवली, हे मान्य करावं लागतं.

आता आपल्याकडे

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना आपली जमात आठवली असेल. १९२० च्या दशकात मेवातमध्ये मौलाना इलियास यांनी सुरू केलेल्या तबलीगच्या कामातही तीन दिवस, चाळीस दिवस, चार महिने असे ठरलेले मुक्काम असतात. माणूस स्वतःच्या खर्चाने जातो, मशिदीत झोपतो, आपलं अन्न आपण शिजवतो. फरकही मोठा आहे. जमात मुख्यतः मुसलमानांकडेच जाते आणि सुधारणा आधी स्वतःची, असं उघड सांगते. हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो. दौऱ्याचा फायदा प्रामुख्याने जाणाऱ्याला होतो, हे ते पहिल्यापासून कबूल करतात.

तरीही पाहुण्याची किंमत यजमानाला मोजावी लागतेच. २०२० मध्ये करोनाच्या काळात अहमदनगर जिल्ह्यात मशिदींत उतरलेल्या परदेशी तबलीगींवर गुन्हे दाखल झाले. त्यांना आश्रय देणाऱ्या स्थानिकांनाही त्यात गोवलं गेलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असावं, असं निरीक्षण नोंदवलं. न्याय मिळाला. पण जे व्हायचं ते तोपर्यंत झालं होतं. परदेशी पाहुणे आपापल्या देशी जाणार होते. शेजाऱ्यांच्या नजरा, पोलिसांचे फेरे आणि बदनामी गल्लीतल्या माणसांच्या वाट्याला राहणार होती. चूक पाहुण्यांची नव्हती, तरी भार यजमानावरच पडला.

मदतकार्याबद्दल तर मला माझंच सांगायला हवं. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मोहल्ल्यातून आम्ही पोरं जुन्या कपड्यांनी भरलेला टेम्पो घेऊन गेलो होतो. काय हवंय हे कुणाला विचारलं नव्हतं. तिथे पोहोचलो तर रस्त्याच्या कडेला आमच्यासारख्यांनी आणलेल्या कपड्यांचे ढीग पडलेले. एक म्हातारे चाचा म्हणाले, “बाळांनो, आलात ते चांगलं केलंत. पण पत्र्याची सोय होईल का?” आमच्याकडे पत्रा नव्हता. आम्ही कपडे उतरवले, दोन दिवस राहिलो, त्यांच्याच चुलीवरचं जेवलो आणि परत आलो. मोहल्ल्यात आमचं कौतुक झालं. चाचांना पत्रा मिळाला का, हे मी कधी विचारलं नाही.

सूरह बकरामध्ये बजावलेलं आहे की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपलं दान वाया घालवू नका. आपण त्याचा अर्थ एवढाच घेतो की देताना तोंडाने कडू बोलू नये. न विचारता देणं, मदत घेणाऱ्याचा फोटो काढून पसरवणं, त्याच्या वेळेवर आणि चुलीवर आपलं पुण्य शिजवणं, यानेही मन दुखतंच. आज आपल्या तरुणांच्या संघटना महापुरात, दंगलीनंतर धावून जातात, उद्या परदेशीही जातील. जरूर जावं. पण निघण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : तिकडून कुणी बोलावलं आहे का? आपल्या प्रवासखर्चात तिथला माणूस हेच काम किती वेळा करू शकला असता? आणि आपण चुकलो, तर ते आपल्याला सांगायची सोय त्याच्याकडे आहे का?

नियत अल्लाह जाणतो, तिचा हिशोब त्याच्याकडे आहे. पण घर किती डॉलरला पडलं, मुलाची आई कुठे होती, पत्रा पोहोचला की नाही, हा हिशोब माणसांनी माणसांशी करायचा असतो. आणि तो मांडायचा पहिला हक्क मदत घेणाऱ्याचा आहे.