पारितोषिक, प्रतिष्ठा आणि नित्याचा निर्णय : महाराष्ट्रातील ग्रामस्वच्छतेच्या इतिहासाचे एक प्रकरण

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे धानाच्या पट्ट्यातील गाव. या पट्ट्यात खरिपाच्या दिवसांत बांध्यांतून पाणी उभे असते आणि तलाव-बोड्यांच्या पाळी व शेतांचे धुरे एवढीच काय ती कोरडी जागा उरते. अशा प्रदेशात पहाटे शौचास कोठे जावयाचे, हा प्रश्न प्रत्येक माणसापुढे रोज असतो; पण त्याचे उत्तर तो रोज नव्याने विचार करून देत नाही. आईबाप जे करीत आले व शेजारी जे करतात तेच तोही करतो. अशा नित्याच्या, जवळजवळ न घेतलेल्या निर्णयांचा अभ्यास हा अर्थशास्त्राच्या एका शाखेचा विषय झाला असून तिला वर्तनलक्षी अर्थशास्त्र असे नाव मिळाले आहे. या शाखेचे निष्कर्ष महाराष्ट्राच्या खेड्यांत मोठ्या प्रमाणावर कसोटीस लागले ते २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात. त्या अभियानाचा जन्म मात्र या शाखेच्या ग्रंथांतून झाला नव्हता, आणि म्हणूनच त्याचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे.

जुन्या अर्थशास्त्राने माणूस आपल्या हिताचा हिशेब अचूक मांडतो असे गृहीत धरले होते. हर्बर्ट सायमन याने १९४७ च्या आपल्या ग्रंथात प्रशासकीय संस्थांतील निर्णयांचा विचार करताना या गृहीतास पहिला मोठा धक्का दिला. माणसाची विचारशक्ती व माहिती मर्यादित असते, म्हणून तो सर्वोत्तम पर्याय शोधीत न बसता पुरेसा वाटेल तो पर्याय पत्करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९७९ साली डॅनियल कानेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी लाभापेक्षा हानीचे वजन माणसाच्या मनात अधिक असते हे दाखवून दिले, आणि २००८ मध्ये रिचर्ड थेलर व कॅस सनस्टाइन यांच्या पुस्तकाने हा विचार थेट राज्यकारभाराच्या दारात नेऊन ठेवला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा असा एक छोटा प्रयोग आहे. इस्राएलमधील हैफा येथील काही बालसंगोपन केंद्रांनी मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. त्याबरोबर उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढली, आणि दंड उठविल्यावरही ती खाली आली नाही. उरी नीझी व आल्डो रुस्तिकिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा की, जे काम लोक भीडेने किंवा शिष्टाचाराने करीत होते त्यावर किंमत लिहिली गेली, आणि किंमत दिली की भीड संपली.

शासनाने शौचालयाच्या प्रश्नात प्रथम किंमतीचाच मार्ग धरला होता. केंद्र शासनाची ग्रामीण स्वच्छता योजना १९८६ साली सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने १९९७ ते २००० या काळात अनुदान देऊन लाखो शौचालये बांधविली. पुढे पाहणी झाली तेव्हा त्यांपैकी निम्म्याच्या आसपास शौचालये वापरात नसल्याचे आढळले. कोठे त्यांत सरपण रचले गेले, कोठे शेळ्या बांधल्या गेल्या. अनुदान देणाऱ्याने शौचालय ही घराला लागणारी वस्तू मानली, तर घेणाऱ्याने ती सरकारची वस्तू मानली. घरधन्याचा हिशेब काही चुकीचा नव्हता. सारा गाव तलावाच्या पाळीवर जात असता एका घराने चार भिंतींचा आडोसा वापरल्याने तलावाचे पाणी शुद्ध होत नाही, आणि त्या घरातील मुलाची हगवणही थांबत नाही. निर्णय घराकडे सोपविला होता, फळ मात्र गावाच्या हाती होते.

ही गोष्ट ज्याने फार आधी ओळखली तो पुरुष निरक्षर होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. १९०५ साली घर सोडल्यावर पुढील अर्धशतक त्यांनी खराटा व मातीचे गाडगे एवढ्या सामग्रीवर महाराष्ट्र पालथा घातला. त्यांची पद्धत सर्वश्रुत आहे. गावात शिरताच ते कोणास काही न सांगता रस्ता झाडू लागत. थोड्या वेळाने गावकऱ्यांस संकोच वाटून तेही झाडू हाती घेत, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभे राही. कीर्तनात ते उपदेश थोडा करीत व प्रश्न फार विचारीत. उत्तर श्रोत्यांनी सर्वांसमक्ष द्यावयाचे असे. या कृतीचे तीन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. काम घरोघर न होता सर्वांच्या डोळ्यांदेखत होई, सांगणारा आधी स्वतः करी, आणि कबुली चारचौघांत दिली जात असल्याने ती मागे घेणे जड जाई. विदर्भात हीच वाट तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना व ग्रामसफाई यांच्या द्वारे रुळविली; त्यांची ग्रामगीता १९५५ ची आहे. गाडगेबाबांचे निधन २० डिसेंबर १९५६ रोजी झाले.

२००० साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना त्यांच्या पुढाकाराने बाबांच्या नावाने अभियान सुरू झाले, आणि त्यात अनुदानाऐवजी स्पर्धा ठेवण्यात आली. गावाने स्वतःच्या श्रमाने व वर्गणीने रस्ते, गटारे, पाणवठे स्वच्छ करावयाचे. मग समितीने येऊन गुण द्यावयाचे. आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी पारितोषिके जिंकावयाची. पारितोषिकाची रक्कम केलेल्या कामाच्या मानाने थोडी होती, आणि बहुतेक गावांस ती मिळणारही नव्हती. तरीही हजारो गावे उतरली. केवळ लाभाच्या हिशेबाने याची उपपत्ती लागत नाही. शेजारच्या गावाने जिंकावे व आपले गाव मागे राहावे, ही हानी गावाला रकमेपेक्षा मोठी वाटली असावी. याहून मोठा बदल असा की, निर्णयाचा घटक घरावरून गावावर आला. एका घराने हात आखडला तर साऱ्या गावाचे गुण जाणार होते.

याच सुमारास, १९९९-२००० मध्ये, कमल कार यांनी बांगलादेशातील राजशाही भागात लोकांनीच आपल्या गावाचा फेरफटका मारून उघड्यावरील घाणीचा नकाशा काढावा, अशी पद्धत बसविली होती. ती लवकरच महाराष्ट्रातही आली. या विषयावरील लेखनात तिचाच उल्लेख अधिक सापडतो. गाडगेबाबांचा खराटा बहुधा नावापुरता येतो, हे न्याय्य म्हणता येत नाही. येथे एक सावधगिरीचा निष्कर्षही नोंदविला पाहिजे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या अश्मीभूत अरण्यात रॉबर्ट चालडिनी प्रभृतींनी केलेल्या प्रयोगात, बरेच प्रवासी येथील लाकूड चोरून नेतात अशी खंत व्यक्त करणारा फलक लावल्यावर चोरी वाढली. बहुसंख्य लोक वाईट वागतात असे सांगणे म्हणजे तसे वागण्यास परवानगी देणे ठरते. खेड्यापाड्यांतील भिंतींवर उघड्यावर जाणाऱ्यांच्या संख्या रंगविणाऱ्यांनी याचा विचार केला असता तर बरे झाले असते.

अभियानाचा खरा परिणाम काय झाला, याचे एक काटेकोर मापन उपलब्ध आहे. २००४ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नांदेड व नंदुरबार या जिल्ह्यांत चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे गावे निवडून काहींत स्वच्छतेचे विशेष प्रयत्न करण्याचे ठरविले. जेफ्री हॅमर व डीन स्पीअर्स यांनी या प्रयोगाची छाननी केली आहे. अहमदनगरमध्ये शौचालयांच्या संख्येतील वाढ फार मोठी नव्हती; तरीही निवडलेल्या गावांतील लहान मुलांची उंची इतर गावांतील मुलांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक भरली. नांदेड व नंदुरबार येथे मात्र गावे निवडली गेली, पण कार्यक्रम प्रत्यक्षात झालाच नाही. वर्तनाचे शास्त्र बहुधा गावकऱ्याच्या सवयींची चिकित्सा करते. कचेरीच्या सवयींकडे तेवढे लक्ष दिले जात नाही, आणि येथे निर्णायक ठरली ती कचेरीच. दवनीवाड्याच्या उत्तरेस लागून असलेल्या मध्यप्रदेशात ८० गावांत झालेल्या अशाच एका प्रयोगात, २०१४ च्या अहवालानुसार, मुलांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली नाही. शौचालये वाढली, पण उघड्यावर जाणे पुरेसे घटले नव्हते.

केंद्र शासनाने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला. ग्रामपंचायतीस लोकसंख्येप्रमाणे ५०,००० ते ५ लाख रुपये, आणि प्रारंभीच्या वर्षांत राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, असे त्याचे स्वरूप होते. महाराष्ट्र त्यात देशात अग्रेसर राहिला. २०११ पर्यंत नऊ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींनी, म्हणजे राज्यातील सुमारे एक तृतीयांश पंचायतींनी, तो मिळविला. त्याच वर्षाच्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रातील ज्या घरांत शौचालय आहे त्यांचे प्रमाण ३८ टक्के निघाले. २००१ साली ते १८ टक्के होते, म्हणजे दहा वर्षांत दुप्पट झाले, हे खरे. परंतु पुरस्कारांच्या संख्येवरून जी अपेक्षा निर्माण झाली होती तिच्याशी हा आकडा जुळत नाही. पारितोषिक तपासणीच्या दिवशी दिले जाते, आणि शौचाचा निर्णय त्यानंतरच्या प्रत्येक पहाटे घ्यावयाचा असतो. चढाओढ संपल्यावर गावाला बांधून ठेवणारे दुसरे काही योजलेले नव्हते. हैफाच्या पालकांप्रमाणे येथेही प्रतिष्ठेवर किंमत लिहिली गेली होती, असे म्हणण्यास जागा आहे.

लाज हे या पद्धतीचे दुसरे साधन. त्याची परीक्षा अधिक कठोरपणे होणे आवश्यक आहे. पहाटे गावाबाहेर उभी राहून लोकांना अडविणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ महाराष्ट्रात सर्वपरिचित झाली. काही ठिकाणी गुलाबाचे फूल देण्यात येई, तर काही ठिकाणी पोलिसी कारवाई होई. ज्याच्या घराला जागा आहे, पाणी आहे व पैसा आहे त्याला लाज हलवू शकते. भूमिहीन मजुराच्या झोपडीस, किंवा अंधार पडेपर्यंत थांबणाऱ्या स्त्रीस, तिने फक्त अपमान दिला. ओरिसातील भद्रक जिल्ह्यातील ४० गावांच्या अभ्यासात, २००९ च्या अहवालाप्रमाणे, प्रचार झालेल्या गावांत शौचालय असलेल्यांचे प्रमाण ६ वरून ३२ टक्क्यांवर गेले, आणि ज्या गरीब कुटुंबांस सामाजिक दडपणाबरोबर अनुदानही मिळाले त्यांच्यात वाढ अधिक झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष याहून स्पष्ट आहे. नुसत्या उद्बोधनाने तेथे फारसे काही घडले नाही. उद्बोधनाबरोबर गरिबांस अनुदान दिले तेव्हा शौचालये वाढली, आणि शेजाऱ्यांचे पाहून अनुदान न मिळालेल्यांनीही ती बांधली. अनुदान वाईट व स्पर्धा चांगली, हे २००० सालचे समीकरण म्हणून अपुरे होते.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने १२,००० रुपयांचे अनुदान देऊ केले, आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला. बांधकामाचा प्रश्न बव्हंशी मिटला. खड्ड्याचा मिटला नाही. दोन खड्ड्यांच्या शौचालयातील पहिला खड्डा काही वर्षांनी भरतो, मग दुसरा वापरावयाचा, आणि पहिल्यातील मैल्याचे वर्षभरात खत झाल्यावर तो उपसावयाचा, अशी मूळ योजना आहे. डायान कॉफी व डीन स्पीअर्स यांनी उत्तर भारतातील पाच राज्यांत केलेल्या पाहणीत, चालू स्थितीतील शौचालय असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक घरांतील निदान एक माणूस बाहेर जातच होता. खड्डा भरेल व तो कोणास उपसावा लागेल, ही धास्ती त्यामागील एक प्रमुख कारण होती. या धास्तीच्या मुळाशी जातिव्यवस्था आहे. मैला उपसण्याचे काम शतकानुशतके ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्याशी आपली गणना होईल हे भय शौचालयाच्या सर्व सोयींपेक्षा वजनदार ठरते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर हे तेलंगणातील गंगादेवीपल्ली या गावी इतर अधिकाऱ्यांसह स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी फावड्याने खत बाहेर काढले. धानाच्या पट्ट्यात, जेथे पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येते, तेथे हा खड्डा केव्हा व कोणी उपसावयाचा हे आता एकेक घर ठरवीत आहे.