मुलींचं बक्षीस आणि 1976 सालचा एक निकाल

उरणच्या आमच्या घरी शोकेसमध्ये एक वीतभर उंचीचा चषक आहे. 2009 साली, मी सहावीत असताना, एका बुद्धिबळ स्पर्धेत मिळालेला. त्यावर लिहिलंय, 'उत्कृष्ट मुलगी'.

त्या स्पर्धेत मुलं-मुली एकाच गटात खेळली होती. सात फेऱ्या झाल्या, माझे साडेपाच गुण झाले आणि भिंतीवर लावलेल्या यादीत मी तिसरी होते. बक्षीस समारंभात मात्र तिसऱ्या क्रमांकासाठी चौथ्या मुलाचं नाव पुकारलं गेलं. बाबांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "तिला मुलींचं आहेच की! एकाला दोन कशी द्यायची?" बाबांना ते पटलं. मलाही पटलं. त्यात काही चुकलं असं वाटायला मला जवळजवळ पंधरा वर्षं लागली.

बुद्धिबळ मला आजोबांनी शिकवलं. ते मुंबईच्या गोदीत कामाला होते. संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून मोऱ्याला उतरायचे, तेव्हा काखेत 'नवाकाळ' असायचा. निवृत्तीनंतरही तो पेपर सुटला नाही. आधी अग्रलेख मोठ्याने वाचायचा आणि मग पट मांडायचा, असा त्यांचा क्रम. ते देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे, आणि शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखं अडीच घरं उडी मारायची मुभा. शाळेत आंतरराष्ट्रीय नियम शिकून आले तेव्हा कॅसलिंगवरून आमचं भांडण झालं होतं. पण सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्याला आजोबा वजीर म्हणायचे, तिला शाळेतले सर क्वीन म्हणत होते. आमच्या घरच्या पटावर तोवर एकही बाई नव्हती.

रोज ज्या पेपरचा अग्रलेख आमच्या घरात वाचला जायचा, त्याच पेपरच्या संपादकांच्या घरात भारतीय बुद्धिबळातला एक मोठा झगडा लढला गेला होता, हे मला माहीत नव्हतं. कळलं ते जपानमार्गे.

माझ्या टीमचं काम एका जपानी ग्राहकासाठी चालतं. त्या निमित्ताने शोगी हा जपानी बुद्धिबळाचा प्रकार कळला आणि उरण लोकलमध्ये मोबाइलवर खेळायची सवय लागली. नऊ बाय नऊचा पट. मारलेलं मोहरं आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येतं. या पटावरही राणी नाही. पण वाचता वाचता अडखळले ते तिथल्या व्यावसायिक खेळाडूंच्या रचनेपाशी. शोगीत व्यावसायिक व्हायचं तर शोरेइकाई नावाच्या प्रशिक्षण संस्थेत दान-दर्जे चढत, साधारण वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या आत, चौथ्या दानपर्यंत पोचावं लागतं. स्त्रियांना इथे मज्जाव नाही. मात्र 1974 साली महिला व्यावसायिकांची एक वेगळी व्यवस्था सुरू झाली. तिचे किताब वेगळे, दर्जे वेगळे. ही व्यवस्था स्त्रियांना पोट भरण्याइतका खेळ देते, पण तिच्यातून मुख्य व्यवस्थेत आपोआप जाता येत नाही. काना सातोमी 2022 साली विशेष प्रवेशपरीक्षेला बसली आणि तिन्ही डाव हरली. तोमोका निशियामाने जानेवारी 2025 मध्ये संपलेल्या परीक्षेत पाच डावांपैकी दोन जिंकले. हवे होते तीन.

1974 हे साल वाचून मी सहज आपल्याकडे काय चाललं होतं ते शोधलं. त्याच वर्षी बंगळूरला भारतातली पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा झाली होती. विजेती होती मुंबईची वासंती खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांची मुलगी.

*

खाडिलकर हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. 'कीचकवध'कार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर मूळचे सांगलीचे. टिळकांच्या 'केसरी'त घडलेल्या या माणसाने 1923 साली 'नवाकाळ' काढला. नीलकंठ त्यांचे नातू. नीलकंठरावांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघीही बुद्धिबळ खेळायच्या. पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेपासून पुढची दहा वर्षं महिलांचं अजिंक्यपद या एकाच घरात राहिलं. जयश्री 1979 साली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली; हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय.

सगळ्यात धाकटी रोहिणी. जन्म 1963 चा. 1976 साली, तेराव्या वर्षी, ती राष्ट्रीय महिला विजेती झाली. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. तोवर त्या स्पर्धेत कुणी स्त्री खेळली नव्हती. तिच्या सहभागावरून गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निर्णय तिच्या बाजूने लागला. पटावर तिने तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं.

मग विषय देशाबाहेर गेला. फिडे या जागतिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा मॅक्स युवे होते. त्यांनी निकाल दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांना खेळण्यापासून रोखता येणार नाही.

हे युवे कोण? पेशाने गणिताचे शिक्षक आणि 1935 ते 1937 या काळातले जगज्जेते. त्यांचं आणखी एक मोठेपण मला फार आवडतं. 1929 साली कार्ल्सबादच्या स्पर्धेत व्हेरा मेंचिक या महिला जगज्जेतीला प्रवेश मिळाला, तेव्हा बेकर नावाच्या खेळाडूने थट्टा केली होती की तिच्याकडून जे हरतील त्यांचा आपण एक क्लब काढू. पहिला सभासद तो स्वतःच झाला. पुढे हेस्टिंग्जच्या लागोपाठ दोन स्पर्धांत युवेही मेंचिककडून हरले आणि त्या क्लबात दाखल झाले. बाई समोर बसली की काय होऊ शकतं हे त्यांनी अनुभवलेलं होतं. चाळीसेक वर्षांनी मुंबईच्या एका शाळकरी मुलीचा प्रश्न त्यांच्या टेबलावर आला.

निकाल लागला म्हणजे सगळी दारं उघडली असं मात्र झालं नाही. 1986 साली हंगेरीची सुसान पोल्गार पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीसाठी गुणांवर पात्र ठरली, तरी तिला पाठवलं गेलं नाही. त्यानंतर त्या अजिंक्यपदाच्या नावातला 'पुरुषांचं' हा शब्द गेला. तिची धाकटी बहीण ज्यूडिट फक्त महिलांसाठी असलेल्या स्पर्धांपासून जवळजवळ पूर्ण दूर राहिली आणि 2002 साली तिने कास्पारोव्हला हरवलं.

*

रोहिणीने मात्र ज्यूडिटसारखा एकच रस्ता धरला नाही, आणि तिची कारकीर्द मला जवळची वाटते ती म्हणूनच. पुरुषांच्या पटावर बसायचा हक्क मिळवल्यावरही ती महिलांच्या स्पर्धा खेळत राहिली. राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा जिंकली. 1980 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बुद्धिबळासाठी तो मिळवणारी ती पहिली स्त्री. 1981 साली हैदराबादला आशियाई महिला स्पर्धेत तिने 12 पैकी साडेअकरा गुण घेतले, म्हणजे पूर्ण स्पर्धेत एकच डाव बरोबरीत सुटला. त्याच वर्षी ती महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली, आणि 1983 साली क्वालालंपूरला पुन्हा आशियाई विजेती. ऑलिंपियाडमध्ये ती भारतीय महिला संघातून खेळली.

1993 साली तिने खेळ थांबवला. मुद्रणतंत्र शिकली, त्यासाठी जर्मनीला गेली आणि 1998 मध्ये 'संध्याकाळ' या सायंदैनिकाची संपादक झाली. जयश्रीताईंनी 'नवाकाळ'ची धुरा घेतली. आजोबा शेवटी शेवटी वाचायचे त्या पेपरमागे एक आंतरराष्ट्रीय मास्टर होती, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, हे आता विचारायला ते नाहीत.

महिलांचा वेगळा गट चांगला की वाईट, यावर मी मित्रांशी बराच वाद घातलाय. वेगळा गट नसता तर 1974 साली वासंतीचं नाव देशाला कळलं नसतं आणि धाकट्या बहिणीसमोर तो रस्ताही नसता. सांगलीच्या भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, याही याच स्पर्धेतून वर आल्या आणि पाच वेळा जिंकल्या. 2025 च्या जुलैत नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तोही महिलांच्याच स्पर्धेत. पण त्या विजयाने तिला मिळालेला ग्रँडमास्टर हा किताब स्त्री-पुरुष सगळ्यांसाठी एकच आहे, आणि ती खुल्या स्पर्धांतही खेळते. वेगळा गट मुलीला उभं राहायला जागा देतो. "तुझी जागा तिथे आहे, इथली दुसऱ्याला" असं म्हणायला तो वापरला जाऊ लागला, की मग त्याचं कुंपण होतं. 1976 चा झगडा नेमका याच फरकावर होता असं मला वाटतं. रोहिणीला महिलांचं अजिंक्यपद होतंच की! तरीही तिला दुसऱ्या दालनात जायचं होतं.

"तुला मुलींचं आहेच की" हे वाक्य मला तेव्हा आठवलं.

गेल्या मे महिन्यात आम्ही काही मित्रमैत्रिणींनी उरणमध्ये शाळकरी मुलांसाठी एक दिवसाची स्पर्धा घेतली. एका शाळेचा हॉल, वर्गणीतून घेतलेली घड्याळं, घरोघरचे पट. नियमांचा कागद करायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: 'मुख्य क्रमांक गुणांप्रमाणेच दिले जातील. मुलगी पहिल्या तिनात आल्यास तिला तो क्रमांक मिळेल आणि मुलींचं बक्षीस तिच्या पुढच्या मुलीला जाईल.'

एक मित्र म्हणाला, "एवढं लिहायला हवं का? तशी वेळ आली तर बघू." मी म्हटलं, वेळ आल्यावरच तर बघितलं गेलं होतं. मग त्याला चषकाची गोष्ट सांगितली आणि ओघाने रोहिणी खाडिलकरचीही. चषकाची ऐकून तो हसला, दुसरी ऐकून गप्प झाला. नियम राहिला.

स्पर्धेला 52 मुलं आली, त्यांत 14 मुली. पहिल्या तिनात एकही मुलगी आली नाही. करंज्याहून आलेली आठवीतली एक मुलगी सहावी आली आणि मुलींचं बक्षीस तिला मिळालं. पाचव्या फेरीत तिने पहिल्या आलेल्या मुलाला जवळजवळ हरवलं होतं. वेळ संपत आली आणि गडबडीत तिचा वजीर गेला. समारंभानंतर ती चषक घेऊन माझ्याकडे आली आणि विचारलं, "ताई, तो डाव पुन्हा मांडून दाखवाल? कुठे चुकलं ते बघायचंय."

हॉल परत द्यायला अर्धा तास होता. आम्ही पट मांडला.