वंगण, मॅकफर्सन आणि चाचा

या वीकांताचा विषय जरा तेलकट आहे.

मागच्या दिवाळीत हिंगोलीला घरी गेलो तेव्हा गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज येत होता. टक्.. टक्.. खड्डा आला की हमखास. निघायच्या आधी पुण्यातल्या एका गॅरेजात दाखवली होती. "शॉकअप गेलेत" म्हणून त्यांनी दोन्ही बदलले. खिसा हलका झाला, आवाज तसाच. शेवटी बाबांनी मला त्यांच्या जुन्या मिस्त्रीकडे नेलं. सत्तरीतले गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पाना हातात घ्यायच्या आधी त्यांनी गाडीतून एक चक्कर मारली आणि म्हणाले, "गाडी बोलायली ना साहेब, तुम्हीच ऐकंना झाले."

बाबा हसले. मी लहान असताना आमच्याकडे पद्मिनी होती. "तिला वेळेवर ग्रीसिंग केलं की झालं," ते म्हणाले. "तुझ्या गाडीला ग्रीसिंग कुठे करतात?" मला उत्तर येईना. परत आल्यावर शोधलं, आणि एक मजेदार इतिहास हाती लागला.

मूळ प्रश्न साधा आहे. चाक वर-खाली व्हायला हवं, आणि पुढचं चाक वळायलाही हवं. त्यासाठी सांधे लागतात. सांधा आला की घर्षण आलं, घर्षण आलं की वंगण आलं. बैलगाडीला स्प्रिंगच नाही, पण आख करकरायला लागला की वंगण घालायचं हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. हिंगोली निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात १९३२ मध्ये सरकारी बससेवा सुरू झाली. त्या जमान्याच्या बसला पुढेसुद्धा सरळ लोखंडी आख, वर कमानपाटे आणि चाक वळायला किंगपिन. खाली आपली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी, म्हणजे रस्ताही कधी स्थिर नाही!

मग मोटारी आल्या. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत फियाट ११०० बनायची, तीच पुढे पद्मिनी झाली. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक असे दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. अँबॅसडरला स्प्रिंगऐवजी पिळ घेणारा टॉर्शन बार. दोन्हींत सांधे भरपूर आणि त्यांना ग्रीसची निपलं. ठरावीक किलोमीटर झाले की ग्रीस गन लावायची. जुनं, मळलेलं ग्रीस बाहेर आलं की काम झालं. त्या निमित्तानं मिस्त्री गाडीखाली जायचा, आणि गेला की बाकीचंही बघायचा.

याच सुमारास सातासमुद्रापार अर्ल मॅकफर्सन नावाचा इंजिनिअर वेगळं डोकं लढवत होता. १९४५ च्या आसपास तो जनरल मोटर्समध्ये एका छोट्या शेवरोलेवर काम करत होता. तो प्रकल्प बंद पडला, स्वारी फोर्डमध्ये गेली. १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरला त्याची रचना लागली. वरचा आर्मच काढून टाकला! शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात, आणि तो खांबच स्टिअरिंगबरोबर फिरतो. भाग कमी, खर्च कमी, इंजिनाला जागा जास्त. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती हाच मॅकफर्सन स्ट्रट घेऊन, आणि आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तोच असतो.

सांधेही बदलले. निपल गेलं, रबरी टोपीत सीलबंद केलेला बॉल जॉइंट आला. आतलं ग्रीस जन्मभराचं. पण टोपी फाटली की पाणी-धूळ आत, ग्रीस बाहेर, आणि जन्म संपला. पूर्वी गाडी वंगण मागायची, आता मागत नाही. थेट आवाज करते. आमच्या भाषेत सांगायचं तर रोजचे लॉग बंद, एकदम क्रॅश!

म्हणून आवाज ऐकणं महत्त्वाचं. चाचांची पद्धत अशी: दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर घेतली तर आवाज नाही, एकच चाक खड्ड्यात गेलं की टक्टक्, तर संशय स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर. कारण दोन्ही चाकं एकत्र उचलली की तो बार पिळत नाही. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवताना कुरकुर आली आणि स्प्रिंगला झटका बसला, तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग. ब्रेक दाबताना धप्प, तर लोअर आर्मचे बुश. पूर्ण वळणावर कटकट, तर ते सस्पेन्शन नाहीच, ॲक्सलचा जॉइंट.

माझ्या गाडीची लिंक रॉड ढिली होतीच. पण चाचा तिथे थांबले नाहीत. जॅक लावून चाक लोंबतं ठेवलं, लोअर आर्मखाली टॉमी घालून दाबली, आणि बॉल जॉइंट डोळ्यांना दिसेल इतका हलला. टोपी फाटलेली, आत ग्रीसऐवजी चिखल. तो गोळा वाटीतून निसटला असता तर चाक तिथंच आडवं. आई-बाबांना घेऊन दुसऱ्या दिवशी औंढा नागनाथला जायचं ठरलं होतं..

दोन्ही भाग बदलले. आर्मच्या बुशचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळले. लोंबत्या चाकावर आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट. पुण्यात शॉकअपवर घालवले त्याच्यापेक्षा बरेच कमी पैसे लागले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा सगळे तिच्या आठवणीनं हळवे झाले होते. मीही झालो होतो. पण तिच्याबरोबर दर महिन्या-दोन महिन्यांनी गाडीखाली डोकावणारा माणूसही गेला, हे मला त्या दिवशी चाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये कळलं. आता सर्व्हिसिंगला गाडी टाकली की मी एकच विचारतो, "बॉल जॉइंटच्या टोप्या बघितल्या का?"

असो. तुमची गाडी काय बोलायली?