ई-इन्व्हॉइस त्रुटीसंदेश

ई-इन्व्हॉइस त्रुटीसंदेश म्हणजे वस्तू व सेवा कर (जीएसटी) व्यवस्थेत व्यवसायाच्या हिशेब किंवा ईआरपी सॉफ्टवेअरकडून आलेले बीजक नाकारताना इन्व्हॉइस नोंदणी पोर्टल जो क्रमांक व खुलासा पाठवते, तो होय. यांतील अनेक संदेशांचे मूळ त्या एका बीजकात नसून सॉफ्टवेअरच्या मांडणीत, म्हणजे ग्राहक, माल व कर यांच्या मूळ नोंदींत असते.

पार्श्वभूमी
भारतात ही पद्धत १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांसाठी सुरू झाली. टप्प्याटप्प्याने मर्यादा कमी होत १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली. बीजक मान्य झाल्यास पोर्टल ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक (आयआरएन) व क्यूआर कोड देते. सक्ती लागू असताना आयआरएन नसलेले बीजक नियम ४८(५) नुसार बीजकच मानले जात नाही. त्यामुळे ग्राहकाचे इनपुट टॅक्स क्रेडिट धोक्यात येते.

कोल्हापूरमधील संदर्भ
शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत फाउंड्री व यंत्रकाम उद्योग मोठ्या प्रमाणावर आहेत. कर्नाटकची सीमा जवळ असल्याने राज्यांतर्गत व आंतरराज्य विक्री एकाच हिशेबात येते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य दर्शवतात : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पिनकोडच्या पहिल्या अंकावरून मात्र राज्य ठरत नाही. मुंबईचे पिनकोड ४०० ने, तर गोव्याचे ४०३ ने सुरू होतात.

प्रमुख संदेश
• २१५० – बीजकाची नोंद आधीच झालेली आहे. पहिल्या प्रयत्नात उत्तर येण्यापूर्वी संपर्क तुटल्यास हा संदेश दिसू शकतो. अशा वेळी नवा बीजक क्रमांक न देता आधीचा आयआरएन मिळवावा. अन्यथा एकाच मालाची दोन बीजके होतात.
• २१७२ – राज्यांतर्गत व्यवहारावर एकात्मिक कर (आयजीएसटी) लावला आहे.
• २१७६ – एचएसएन संकेतांक अवैध आहे. मालाच्या मूळ नोंदीत दुरुस्ती करावी.
• २१८९ – बीजकाची एकूण रक्कम जुळत नाही. वाहतूक खर्च, सवलत व पूर्णांकन यांची मांडणी तपासावी.
• ३०२८ – जीएसटी क्रमांक पोर्टलच्या नोंदींत नाही. क्रमांक बरोबर असल्याची खात्री करून पोर्टलवरील नोंद अद्ययावत करावी.
• ३०३९ – पिनकोड व राज्य जुळत नाहीत.

निवारण
संदेश बीजक कोठे अडले ते सांगतो. चूक कोठे झाली ते सांगेलच असे नाही. उदाहरणार्थ, कोल्हापूरची फाउंड्री पुण्यातील नोंदणीकृत कंपनीच्या नावे बीजक करते आणि तिच्या सूचनेवरून माल बेळगावला दुसऱ्या व्यवसायाकडे पाठवते. एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(ब) नुसार येथे पुरवठ्याचे ठिकाण महाराष्ट्रच ठरते. म्हणून केंद्रीय व राज्य कर लागतो. माल उतरण्याच्या पत्त्यावरून कर ठरवण्याची मांडणी सॉफ्टवेअरमध्ये असल्यास आयजीएसटी लागतो व २१७२ हा संदेश येतो. अशा वेळी पुरवठ्याचे ठिकाण बदलून २९ केल्यास संदेश नाहीसा होतो, पण कर चुकीच्या शीर्षाखाली भरला जातो. पुढे योग्य कर पुन्हा भरून आधीच्या कराचा परतावा मागावा लागतो. पोर्टलने मान्य केलेले बीजक करदृष्ट्या बरोबरच असते असे नाही, हे यातून दिसते.

म्हणून प्रथम मूळ नोंद दुरुस्त करून नंतर बीजक पुन्हा पाठवणे योग्य ठरते. मान्य झालेले बीजक पोर्टलवर २४ तासांच्या आत रद्द करता येते. रद्द केलेला बीजक क्रमांक त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरता येत नाही. मुदत उलटल्यावर क्रेडिट नोट किंवा विवरणपत्रातील दुरुस्तीचा मार्ग उरतो.

हेही पहा
• वस्तू व सेवा कर
• ई-वे बिल