एका झाडाचे दोन कायदे

कायद्याच्या व्याख्येतला एक शब्द हलला की माणसाचे नशीब हलते. 1956 साली आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, आणि मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा 1959 च्या विस्तार-कायद्याने येथे पोहोचला. त्यात भांग, गांजा व चरस ही तिन्ही मादक द्रव्येच होती. 1985 च्या केंद्रीय कायद्याने मात्र फुलाफळांचे शेंडे तेवढे गांजा ठरविले. शेंड्यांवाचूनची पाने राज्याच्या कायद्याकडेच राहिली. झाड लावणाऱ्याला ही वाटणी तारत नाही. विनापरवाना लागवडीस आज 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कायदा ठाऊक नव्हता, ही सबब न्यायालयात चालत नाही. म्हणून तो बांधावरच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावून देणे, हे आपणा शहरवासीयांचे कर्तव्य ठरते.